तूप प्यालेली माती

मी माती. कोल्हापुरात, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या बादलीत राहणारी. दहा लिटरची बादली, बुडाला तापल्या खिळ्यानं पाडलेली पाच भोकं, आणि माझ्या डोक्यावर दीड फुटाचं बेलाचं रोप. माती बोलत नाही असं तुम्हाला वाटतं. बोलते. तुम्ही वरून ओतत असता आणि ओतणाऱ्याला ऐकू येत नाही, एवढंच.

गोड बोलायची मला सवय नाही. आधीच सांगून ठेवते.

माझं मूळ गडहिंग्लजकडचं, हिरण्यकेशीच्या काठच्या शेतातलं. तिथं माझ्यावर ऊस असायचा, कधी भुईमूग. गांडुळं माझ्यातून ये-जा करायची, मुळं घुसायची, पाला कुजायचा. आमचं शिक्षण असंच चालतं. पाणी किती धरायचं, किती सोडायचं, हे मातीला कुणी वहीवर लिहून देत नाही. माझं ते शिक्षण अर्ध्यातच सुटलं. कारण एक दिवस अण्णाप्पा फावडं आणि घमेलं घेऊन आला आणि मला उचलून घेऊन गेला.

अण्णाप्पा म्हणजे त्या शेताचा मालक. नातीचा अज्जा, म्हणजे आजोबा. म्हातारपणी पोराकडं, कोल्हापूरच्या फ्लॅटात राहायला निघाला होता. पोरगा सोमेश, शाहूपुरीतला गुळाचा व्यापारी. तो म्हणाला, "अप्पा, कोल्हापुरात माती मिळत न्हाय काय? डिकीत घाण हुतीय."

"तुझ्या डिकीला नखं न्हाईत," अण्णाप्पा म्हणाला. "साफ करताना दुखायचं न्हाय तिला."

तर मी डिकीतून आले. अण्णाप्पानं बादलीला भोकं पाडली, मला भरलं, आणि बांधावरच्या जुन्या बेलाची बी माझ्यात खोचली. रोज सकाळी तो माझ्यात बोट घालायचा, दुसऱ्या पेरापर्यंत. ओलं लागलं तर पाणी नाही. कोरडं लागलं तर एक तांब्या, तोही दोनदा थांबून. मग बोट धोतराला पुसायचा आणि चहा प्यायला जायचा. मी जेवढी मोठी माणसं पाहिली त्यांत विचारून देणारा हा एकटाच. बाकीचे नुसते देणारे.

बेल वीतभर झाला तेव्हा अण्णाप्पानं सगळ्यांना गॅलरीत बोलावलं. ही लिंगायत मंडळी. माणूस गेला की जाळत नाहीत, मातीत बसवतात. तो म्हणाला, "मला शेतात बसवशिला तवा ह्यो बेल माझ्या उशाला लावायचा. पर लगेच न्हाय. पोर बारीक हाय अजून. वरीस झालं की लावा."

"काय अभद्र बोलालाय सकाळी सकाळी," शांतादेवी म्हणाली. ती त्याची बायको. घरात तिला सगळेच अव्वा, म्हणजे आई, म्हणतात, अगदी नातसुद्धा.

गेल्या साली गणपतीच्या चार दिवस आधी अण्णाप्पा गेला. त्याला शेतात बसवला. माझी बादली इथंच राहिली, आणि अव्वाच्या हातात आली.

अव्वाचं दुःख खरं होतं. त्यावर मी काही बोलणार नाही. पण दुःख खरं असलं म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही, हे कुणीतरी बोलायला हवं होतं. कुणी बोललं नाही. मोठ्यांसमोर बोलायचं नसतं ना.

रोज सकाळी ती देव्हाऱ्यातल्या पिंडीला अभिषेक करायची. दूध, मध, चमचाभर तूप, वरून पाणी. पूर्वी ते तीर्थ घरातले सगळे तळहातावर घेऊन प्यायचे. अण्णाप्पा गेल्यापासून ती ते कुणाला देईना. पायदळी येऊ नये म्हणून, आणि बेल अज्जाचा म्हणून, सगळंच्या सगळं माझ्यावर. समईत उरलेलं तेलसुद्धा माझ्यावर. आणि ओतून झालं की वाकून हळूच विचारायची, "पोचलं काय हो?"

हा प्रश्न मला नव्हता. त्याचं कारण मला फार दिवसांनी कळलं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी अण्णाप्पानं तिच्याकडं पाणी मागितलं होतं. डॉक्टरनं पाणी द्यायचं नाही म्हणून बजावलेलं. तिनं दिलं नाही. तासाभरात तो गेला. तेव्हापासून ती त्याला पाणी पाजत होती, माझ्यातून.

आणि मला तूप.

तूप कणाकणाला चिकटतं. तेल त्यावर बसतं. हिवाळाभर मी ते गिळलं. मग मे महिन्यात सगळं घर लेकीकडं निपाणीला गेलं, बारा दिवस. जाताना सोमेशनं माझ्यावर भसाभसा एक बादली पाणी ओतलं आणि म्हणाला, "बारा दिवसाचं एकदम दिलंय." जणू मी उंटीण आहे. बारा दिवस पश्चिमेचं ऊन गॅलरीत. मी वाळले, आक्रसले, बादलीच्या कडेपासून बोटभर सुटले. तुपातेलाचं आणि मेलेल्या मुळांचं मिळून माझ्या प्रत्येक कणावर एक पापुद्रा चढला. मेणबत्तीवर असतो तसा.

परत आल्यावर अव्वानं पाणी घातलं. ते माझ्यावर मण्यांसारखं गोळा झालं, इकडून तिकडं घरंगळलं, कडेच्या फटीतून सर्रकन खाली गेलं आणि पाच भोकांतून बाहेर. मला शिवलंसुद्धा नाही. मला प्यायचं होतं हो. मला पिताच येईना.

आणि सोमेश बादलीच्या बुडाकडं बघतोय. "खालनं आलं की पाणी. पोट भरलं तिचं. बास कर, अव्वा."

हा माणूस दुकानात गुळाची ढेप वरून बघून कधी बोलत नाही. सुरी लावणार, चकती काढणार, आतला रंग बघणार, जिभेवर ठेवणार, मग तोंड उघडणार. घरात मात्र भोकातून गळालं की पोट भरलं. घरातल्या गोष्टींना सुरी लावायची नसते, असं याला कुणी शिकवलं कोण जाणे.

खालच्या मजल्यावरच्या झुंबरबाईला मात्र खरी बातमी रोज मिळत होती. ती गॅलरीतून मान वर करून ओरडायची, "ओ शांताक्का! तुमच्या महादेवाचा अभिषेक माझ्या गाऊनवर हुतोय की! दूधबी हाय, तूपबी हाय, आता साखर घाला म्हंजे मी गाऊनच चाटतो!"

अव्वा म्हणायची, "पुण्य लागंल तुला."

"पुण्याचा डाग जात न्हाय वो!"

त्या बाईच्या गाऊनला माझ्यापेक्षा जास्त पाणी मिळत होतं.

मग श्रावण आला. बाहेर पाऊस असा की पंचगंगा पात्र सोडून वर आलेली, टीव्हीवर दिवसभर पाण्याचे आकडे. गॅलरीवर पत्रा. पत्र्यावर धाडधाड वाजतंय, आणि त्याच्याखाली मी, पावसापासून दोन हातांवर, आतून पिठासारखी कोरडी. बेलाची पानं आधी मिटली, मग पिवळी पडली, मग एकेक गळायला लागली. माझ्यात रुतलेली त्याची बारीक मुळं चाचपडत होती. मी त्यांना काय देणार?

अव्वानं गळलेली पानं ओच्यात गोळा केली. म्हणाली, "ह्यांचा राग हाय माझ्यावर. पाणी मागितलं तवा दिलं न्हाय मी. आता दिलं तर घेत न्हाईत."

आणि तिनं काय केलं? दूध दुप्पट केलं. तूप दोन चमचे. श्रावण होता ना.

अण्णाप्पाच्या वर्षाच्या दिवसाला एकोणीस दिवस उरले होते तेव्हा सोमेशनं पोरीला गॅलरीत घेतलं. पोरगी शांभवी, बावीस वर्षांची. माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून तो कुजबुजला. माझ्यासमोर बोलायला काय, मी माती.

"हे जगत न्हाय आता. तू गडमुडशिंगीच्या नर्सरीत जा, एवढ्याच उंचीचं बेलाचं रोप आण. हे काढून टाक, ती मातीबी टाक, नवीन हितंच लाव. अव्वाला काय कळतंय? बेल तो बेल."

"अज्जानं लावलेला हाय त्यो," शांभवी म्हणाली.

"अगं, तिच्या समाधानासाठीच सांगालोय."

समाधानासाठी. मोठी माणसं खोटं बोलत नाहीत. ती नेहमी कुणाच्या तरी समाधानासाठी काहीतरी करत असतात.

शांभवी स्कूटी काढून गेली. ते दोन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. मला मरणाचं काही नाही, माती मरून जाते कुठं? पण मी शेतातून अर्धी शिकून आले होते आणि एवढं एकच काम माझ्या पदरात होतं, एक रोप जगवायचं. त्यातही नापास.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात रोप नव्हतं. एक कापडी पिशवी होती, आणि गोणपाटात बांधलेलं उसाचं पाचट. कोल्हापूरच्या बायका-पोरी 'मी आले' म्हणत नाहीत, 'मी आलो' म्हणतात. ती गॅलरीत बसकण मारून मोबाईलवर म्हणाली, "बयाबाई, आलो मी घरी. दाखवतो बघा." आणि मोबाईलचा कॅमेरा माझ्या तोंडावर.

मोबाईलमध्ये एक सुरकुतलेला चेहरा होता, डोक्यावर पदर, मागं सगळी हिरवळ. नर्सरीवाली. "आत बोट घाल की," ती म्हणाली.

शांभवीनं वरवर टेकवलं.

"बोट घाल म्हटलं, तीट लाव न्हाय म्हटलं. काय सोन्याचं हाय व्हय तुझं बोट?"

अण्णाप्पानंतर वर्षानं माझ्यात कुणाचं तरी बोट शिरलं. दुसऱ्या पेरापर्यंत. शांभवीनं ते बाहेर काढलं, त्यावर नुसती धूळ. "बयाबाई, आत्ता सकाळीच तांब्याभर घातलंय वो हिच्यात!"

"वास घे."

तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. "खवट. जुन्या तुपावानी."

"मग बरोबर. माती तूप प्यालीय. आता तिला पाणी लागायचं न्हाय. वरचा दोन बोटं थर खरवडून काढ. विणायची सुई घे, मुळं चुकवून बुडापतोर भोकं पाड. रिठा रात्रभर भिजवायला वेळ न्हाय, गरम पाण्यात कुस्कर, गाळ, गार कर. मोठ्या टबात भरपूर पाणी, त्यात ते घाल, आणि बादलीच गळ्यापतोर बुडवून ठेव. वरनं ओतू नको, खालनं पिऊ दे. बुडबुडे थांबले की काढ."

एवढ्यात अव्वा दारात. तिनं पिशवीतले रिठे बघितले आणि जागच्या जागी आवाज चढला. "काय करालाईस ग? रिठा? लुगडी धुवायचं पाणी माझ्या बेलाला? तीर्थ घालतोय त्याला मी, तीर्थ! आणि तू त्याला न्हाणीत बुडवालाईस?"

"अव्वा, मरालाय त्यो."

"त्यांच्या मनात असंल तर मरू दे!"

पत्र्यावर पाऊस. मोबाईलमधून बयाबाईचा आवाज आला, "म्हातारे, भांडण मागनं कर. आधी मातीवर चार थेंब टाकून बघ."

अव्वानं मोबाईलकडं असं बघितलं की कॅमेरा फुटावा. पण तांब्या हातातच होता. तिनं बोटं भिजवून माझ्यावर पाणी शिंपडलं. थेंब माझ्यावर पडले, गोल झाले, चमकले, आणि तसेच बसले. एकही आत गेला नाही. तिनं वाकून फुंकर मारली. थेंब घरंगळत कडेला गेले.

अव्वाकडं बिडाचा एक तवा आहे, पन्नास वर्षांचा. तेल पाजून पाजून असा मुरवलेला की त्यावर थालीपीठ चिकटत नाही आणि पाणी टाकलं तर मोत्यासारखं नाचतं. सुनेलासुद्धा ती त्याला हात लावू देत नाही.

तिनं पुन्हा एकदा शिंपडून बघितलं. मग एकदम खोकली. मोठ्या माणसांना आपली चूक कळली की आधी खोकला येतो.

"हे तर माझ्या तव्यावानी झालंय," ती म्हणाली. "तवा मुरवला की ग मी हिचा."

तिनं पदर खोचला, खाली बसली आणि स्वतःचं बोट माझ्यात घातलं. हळदीनं पिवळं झालेलं, सांध्यात वाकलेलं बोट. दुसऱ्या पेराशी थांबली. बाहेर काढून दुसऱ्या हाताच्या तळव्यावर झटकलं. धूळ पडली.

"पोचतच नव्हतं," ती म्हणाली. "वरीसभर म्हणालोय पोचलं काय, पोचलं काय. दारातनंच परत जाईत हुतं सगळं." आणि मग अगदी बारीक आवाजात, "राग नव्हता त्यांचा."

शांभवीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "अव्वा, त्या दिवशी डॉक्टरनं सांगितलेलं. तू काय मुद्दाम..."

"गप. रिठा दे हिकडं. तुला कुटाय यायचा न्हाय."

तिनंच रिठे फोडले, बिया काढल्या, गरम पाण्यात साली कुस्करल्या, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळल्या. माझ्यावरचा तुपकट थर खरवडला तेव्हा मात्र तो कचऱ्यात टाकू दिला नाही. फडक्यात बांधून खुंटीला अडकवला. "देवाचं हाय. शेतावर नेऊया. तिथली गांडुळं बघून घेतील काय करायचं त्ये." यावर माझी काही तक्रार नाही.

मग टब. मला दोघींनी मिळून न्हाणीत नेलं आणि गळ्यापर्यंत बुडवलं. पाच भोकांतून पाणी वर चढायला लागलं. आधी ते माझ्याशी अडलं, नेहमीसारखं. मग रिठ्यानं तो पापुद्रा धरला आणि सोडवला. एक कण भिजला. शेजारचा भिजला. मग सुईच्या भोकांतून, मुळांच्या बाजूनं, आत आत. माझ्यात कोंडलेली हवा बुडबुड करत वर यायला लागली. अव्वा स्टुलावर बसून बुडबुडे बघत होती, चुलीवरचा भात बघावा तशी. मला रडायला येत नाही, मी माती. पण त्या बुडबुड्यांना तुम्ही काहीही म्हणा.

सोमेश दुकानातून आला तो थेट न्हाणीत. "हे काय? रोप कुठं हाय नवीन?"

शांभवी तोंड उघडणार, पण अव्वाच बोलली. "नवीन कशाला?" सोमेश चुळबुळला. पोरीकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. अव्वाला सगळं कळलं. म्हाताऱ्या माणसांना आपली सोडून बाकी सगळ्यांची चूक पटकन कळते.

"ढेप फोडून बघतोस न्हवं रं दुकानात?" ती म्हणाली. "मग बापाच्या बादलीत बोट घालाय काय झालं हुतं तुला? आणि मला फसवणार हुतास व्हय, दुसराच बेल लावून?"

"अव्वा, मला वाटलं..."

"मलाबी वाटलं. म्हणून तर ही तऱ्हा झाली. हो बाजूला, उजेड अडवालाईस."

दोन दिवसांनी पुन्हा एकदा रिठ्याचं पाणी. मग कडेची फट शेणखतानं बुजवली, वर उसाचं पाचट पांघरलं. उसाच्या शेतातून आलेली मी, त्या वासानं मला घर आठवलं. तीर्थ परत घरातल्यांच्या तळहातावर गेलं. अव्वा सगळ्यांना दटावून पाजते, "प्यायचं असतं ते. पुरायचं न्हाय." खालच्या झुंबरबाईलाही वाटीभर पोचतं. तिनं निरोप पाठवला की गाऊनपेक्षा हे बरं.

सगळं काही परत आलं नाही. बेलाच्या दोन फांद्या वाळल्या त्या वाळल्याच. शांभवीनं त्या कापल्या. पण बाराव्या दिवशी बुंध्याजवळ एक डोळा फुटला, तांबूस, चकचकीत. पंधराव्या दिवशी त्याची तीन पानं झाली. अव्वानं त्या दिवशी बेल तोडायला आलेल्या शेजारणीला दारातूनच परत पाठवलं.

वर्षाच्या दिवशी मी परत डिकीतून गेले. या वेळी सोमेशनं स्वतः खाली पोतं अंथरलं आणि घाटात दोनदा गाडी थांबवून मी कलंडले नाही ना ते बघितलं, दुसऱ्यांदा माझ्यात बोटसुद्धा घातलं. एक शब्द बोलला नाही. बोलायला हवं होतं, पण ठीक आहे. बोट घालायला शिकलाय, तोंडही कधीतरी उघडेल.

शेताच्या कोपऱ्यात अण्णाप्पाची जागा. उशाला हातभर खड्डा. शांभवीनं बादली उभी चिरली, आणि मी मुळांसकट, ढेकळासारखी अख्खी, त्या खड्ड्यात उतरले. भोवतीची माती लोटली. तीच माती, जिच्यातून मला उचललं होतं. तिनं मला ओळखलं का, माहीत नाही. एक गांडूळ मात्र लगेच माझ्याकडं वळलं. माझी अर्धी शाळा अजून बाकी आहे, त्याला ठाऊक असावं.

आता मी फार बोलणार नाही. कडा विरघळायला लागल्यात, बादलीतली कुठली आणि शेतातली कुठली हे थोड्या दिवसांत मलाच सांगता येणार नाही. त्याआधी एवढं ऐका. तुमच्याही गॅलरीत कुणीतरी असेल. वरून रोज घालता आणि खालून गळतं म्हणून खूश असता. देव करो आणि तिचं बरं चाललेलं असो. पण एकदा बोट घाला. नखात जाईल, जाऊ दे.

अव्वा तांब्या घेऊन बसली. साधं पाणी, विहिरीचं. थोडं घातलं, थांबली. आणखी थोडं घातलं, थांबली. वर काही साचलं नाही, कडेनं काही पळालं नाही. तिनं पाचट बाजूला सारून बोट आत घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि तसंच ठेवलं बराच वेळ.

मग बाहेर काढलं. बोटावर काळी ओली माती. मी.

तिनं ते पदराला पुसलं नाही. समाधीकडं बघून म्हणाली, "पोचलं."